जाळीबाहेरचा पाहुणा
आज दुधी किसताना त्याचा तो हिरवट, ओलसर वास आला आणि आमच्या वाघोलीच्या गॅलरीतली एक संध्याकाळ आठवली. एकाच कठड्यावर आम्ही लाल भोपळा आणि दुधी चढवले होते. भोपळ्याची पिवळीधमक फुलं सकाळी उमलायची, मधमाश्या यायच्या आणि भोपळे धरायचे. दुधीची पांढरी फुलं मात्र संध्याकाळी उघडायची, आणि बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळून जायचे. "शोभेचा वेल आहे हा, उद्या उपटतो," सासरे म्हणाले. नेमकी तेव्हाच वीज गेली. इतकं उकडत होतं की डासांसाठी रोज तिन्हीसांजेला लावायचो ती कठड्याबाहेरची जाळी आम्ही उघडीच ठेवली. अंधारू लागलं आणि अंगठ्याएवढा एक करडा पतंग भिरभिरत आला, फुलावर न टेकता हवेतच थांबला आणि त्यानं आपली लांबलचक सोंड आत घातली. "बाबा, इकडे या, लवकर!" मी ओरडलेच. पराग घेऊन या फुलावरून त्या फुलावर, तिथून तिसऱ्यावर! मधमाश्यांसाठी पिवळं आणि सकाळचं, पतंगासाठी पांढरं आणि संध्याकाळचं. पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या या पाहुण्यांनीच फुलांचा रंग आणि वेळ घडवली होती, आणि आम्ही रोज बरोबर त्याच वेळेला दार लावत होतो! सासरे म्हणाले, "वेल राहू दे. उद्या ही जाळीच उपटतो." आज किसतेय तो दुधीही त्याच गॅलरीतला आहे, आणि किसणारा हात डासांनी फोडून काढलाय.