पहिली बांगडी

नवरी वाकली. अम्मीनं आशीर्वादाला हात वर केला. तेवढ्यात नवरीच्या मोठ्या भावानं तिचा दंड धरून तिला मागं ओढलं.

"ह्यांच्या पाया पडायचं न्हाय."

अम्मीचा हात तसाच वर राहिला. खाली घ्यावा की नाही, तिला कळेना. घर बायकांनी भरलेलं; एकीनं पदर सावरला, दुसरी पोराला घेऊन आत गेली.

आम्ही बांगड्या भरणारे. मुसलमान. नवी पेठेच्या मागच्या बोळात आमचं दुकान. लग्नघरातून चुडा भरायचं बोलावणं आलं की पेटी घेऊन जायचं. चुडा भरून झाला की नवरीनं बांगड्या भरणारीला नमस्कार करायचा, ही रीत आम्ही काढलेली नाही, त्यांचीच आहे. याच घरात या भावाच्या आईचा चुडा माझ्या नानीनं भरला होता. तिनंही नानीला वाकून नमस्कार केला होता. ती आता दाराशी उभी राहून जमिनीकडं बघत होती.

"आणि मगाशी तोंडातल्या तोंडात काय पुटपुटत हुतीस?" भावानं विचारलं. लहानपणी हाच अम्मीला चाची म्हणायचा.

अम्मी पहिली बांगडी बिस्मिल्ला म्हणून चढवते. नानीही तसंच करायची. काच तडकू नये, पोरीचा संसार टिकावा, म्हणून. सुरुवातीला बिस्मिल्ला आणि शेवटी 'चुडा अखंड राहो'. हे सगळं मिळून एकच वाक्य आहे, असं मला लहानपणी वाटायचं.

अम्मी म्हणाली, "काय न्हाय दादा. बांगड्या मोजत होते."

खोटं बोलली माझी आई. रोज पाच वेळा ज्याच्यापुढं माथा टेकते, त्याचं नाव तिनं भीतीनं गिळलं. आणि मी शेजारी बसून ते ऐकलं.

मग त्यानं तांब्या मागवला. नवरीच्या मनगटांवर गोमूत्र शिंपडलं, आमच्या पेटीवर शिंपडलं. थेंब अम्मीच्या हातावर उडाले. तिनं पुसलेसुद्धा नाहीत. नवरी रडायला लागली. लग्नाची पोर, रडणारच की, असं कुणीतरी म्हणालं.

एरवी शिधा हातात देतात. तांदूळ, गूळ, नारळ. त्या दिवशी शिध्याचं सूप बाहेरच्या पायरीवर ठेवलं होतं. अम्मी ते उचलायला वाकली. मी तिचं मनगट धरलं.

"राहू दे अम्मी."

"चुप बैठ गे," ती हळूच म्हणाली.

मी हात सोडला नाही. शिधा पायरीवरच राहिला. एवढंच केलं मी. रिक्षात अम्मी म्हणाली, "पोरीचा चुडा है. बुरा मत बोल." मी पेटीवरचे थेंब ओढणीनं पुसत राहिले.

अम्मी अजून दुकानात बांगड्या भरते. पण पहिल्या बांगडीला आता तिचे ओठ हलत नाहीत. मनातल्या मनात म्हणत असेल. विचारायचा मला धीर होत नाही. जे नाव तिच्या ओठांवरून गेलं ते मी परत आणू शकत नाही, याचाच मला राग येतो.

लग्नघरी पेटी आता मी नेते. नवरीचा हात हातात घेते आणि पहिल्या बांगडीला बिस्मिल्ला म्हणते. मोठ्यानं. स्वयंपाकघरातल्या बाईलाही ऐकू जाईल असं. काही घरांनी बोलावणं बंद केलं. दुकानात बसून अम्मी मला दोष देते, आणि तिचंही खोटं नाही.

मला नमस्कार नको. शिधा नको. ज्यांना ते नाव चालत नाही, त्यांनी हात तेव्हाच मागं घ्यावा. त्या नावाशिवाय माझ्या हातून बांगडी चढणार नाही.