गाभ्यापर्यंत केशरी

गाजरमावशी नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. भाजीचं बियाणं पिकवायचं काम सासूकडून त्यांच्याकडे आलेलं, आणि त्याचा त्यांना ताठा केवढा! बाजारात कुणी म्हणालं, गाजर केशरीच असायचं, त्यात काय मोठंसं, तर मावशी त्याला बाजूला घ्यायच्या. अहो, एके काळी गाजरं जांभळी असायची, पिवळी असायची. कधीतरी कुणाच्या तरी वाफ्यात वेगळ्याच रंगाचं निघालं, त्या भल्या माणसाने ते खाल्लं नाही, बियाण्याला ठेवलं. पुढच्यांनीही तोच हट्ट धरला, तेव्हा कुठे हा रंग तुमच्या ताटात आला! एवढं ऐकल्याशिवाय समोरच्याची सुटका नसायची.

मावशींचा स्वतःचा हट्ट गाभ्याचा. बाहेरून केशरी आणि आत पिवळट दांडा, हे त्यांना डोळ्यांसमोर नको. काढणी झाली की त्या एकेका गाजराची शेपटी छाटून आत बघायच्या. गाभा भरलेला दिसला की ते गाजर थंड खोलीतल्या वाळूच्या पेटीत जायचं. थंडी सरली की पुन्हा मातीत लावायचं, मग त्याला फुलं, मग बी. उत्तम ते मातीला, उरलंसुरलं पोटाला. हा नियम घराच्या इतका अंगवळणी पडलेला, की नव्या सुनेला तो सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

त्या वर्षी गाभे कधी नव्हे इतके भरले होते. मावशी जरा बहिणीकडे जाऊन आल्या आणि पेटी उघडली, तर आत नुसती वाळू. आदल्या दिवशी मुलाचे कारखान्यातले सोबती जेवायला आले होते. पाहुण्यांना स्वयंपाकघरातली सुरकुतलेली गाजरं कशी वाढायची, म्हणून सुनेने पेटीतली काढली.

"सगळी?" मावशींनी विचारलं.

"सगळी. भाजी छान झाली होती, आई."

मावशींनी वाळूत हात घालून तळापर्यंत चाचपून पाहिलं. जुनं बी केव्हाच विकून झालेलं, म्हणजे आयुष्यभराची निवड पाहुण्यांच्या पोटात गेली. मुलगा म्हणाला, दुकानातून बी आणू की. मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुपचूप बाहेर सटकला. सगळं कळल्यावर सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. पण पोरगी रडत बसली नाही. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "आई, फुलाचा दांडा देठाकडूनच फुटतो ना? ते बुडखे मी मागच्या कचऱ्यात टाकलेत."

मग काय, दोघी पदर खोचून उकिरड्यात! सून माहेरची शिवणकाम करणारी, कापताना कडेला चांगली माया सोडायची सवय. बुडखे जाडजूड राहिले होते. ते वेचून वाफ्यात लावले. काही सडले, पण बरेचसे जगले, आणि उन्हाळ्यात वाफा पांढऱ्या फुलांनी भरून गेला.

त्या बियांची गाजरं पुढच्या हंगामात निघाली, तेव्हा मावशींना बघवेना. त्यांनी तोंड फिरवलं आणि सुनेलाच शेपटी छाटायला सांगितली.

"आई, पिवळं कुठे दिसतच नाही."

मावशी तिथेच मातीत बसून रडल्या. पुढे बियाण्याचा व्यापारी आला. कापलेलं गाजर उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, मावशी, असा रंग उभ्या जन्मात पाहिला नाही, तुमचा हात धरणारं कुणी नाही.

मावशींनी सुनेला हाताला धरून पुढे आणलं.

"माझा कसला? हा रंग हिचा आहे."