पथ्याचा तक्ता

चार माणसांनी एका खोलीत पाच-सहा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. आता आम्ही चौघं चार गावांना आहोत, पण कुणाच्या लग्नात भेटलो की नवरा-नवरी राहतात बाजूला आणि पंगतीत मेहकरचं ऑफिस सुरू होतं!

ऑफिस म्हणजे टेलरच्या दुकानावरची एक खोली. मालक राऊत सर, आधी पॉलिटेक्निकला शिकवायचे. वंदनाताई, सुभाष आणि मी त्यांचे जुने विद्यार्थी. आम्ही कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या वजनकाट्यासाठी प्रोग्राम करत होतो. गाडी काट्यावर चढली की कापसाचं वजन थेट कॉम्प्युटरवर!

*

सरांना शिस्तीचं भारी वेड. एका सकाळी म्हणाले, "आजपासून एकही वॉर्निंग चालणार नाही. वॉर्निंग आली की बिल्ड बंद. सगळ्या फायलींना एकच नियम!"

आम्ही लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देतो तो कंपायलर. त्याला शंका आली की तो कुरकुरतो, तीच वॉर्निंग. सगळ्या फायली मिळून प्रोग्राम तयार होतो तो बिल्ड. तो लावला आणि दुसऱ्याच फाईलला बंद पडला. तारखांची, फार जुनी फाईल.

वंदनाताईंनी शांतपणे विचारलं, "सर, ही कोणी लिहिली?"

सरांनी चष्मा पुसला. "मीच. पण एसटीत ज्येष्ठांना सवलत असते ना?"

वंदनाताईंनी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून भिंतीवर लावला. मथळा 'पथ्य'. खाली प्रत्येक फाईलचं नाव आणि तिला कुठली सेटिंग चालते ते. पहिली ओळ: तारीख – वॉर्निंग माफ.

*

काट्याची फाईल सुभाषची. तो रोहिणखेडचा. मोताळ्याच्या जिनिंगवर काटा बसला तेव्हा त्याच्याच गावच्या बैलगाड्या रांगेत होत्या. स्वारी खुशीत!

पहिली गाडी अठरा क्विंटल. दुसरी अठरा. तिसरीही अठरा! शेवटी नामदेवबुवा नावाचे एक म्हातारे गाडी काढून स्वतःच काट्यावर उभे राहिले. अठरा क्विंटल!

बुवा म्हणाले, "माह्या बायकोले सांगजा बाप्पा. ते म्हणते मी काई खातच नाई!"

रांग हसली, सुभाष मात्र पांढराफटक पडला. घाईत त्याने सगळ्याच फायलींना 'फास्ट' सेटिंग लावली होती. कंपायलरला वाटलं, एकच गोष्ट सारखी काय विचारायची? त्याने काट्याला एकदाच वजन विचारलं आणि तेच धरून बसला.

मॅनेजर इंगळेभाऊंनी बजावलं, "पुढच्या सोमवारी चुकला तर मशीन उचला तुमचं."

पुठ्ठ्यावर लाल शाईत ओळ चढली: काटा – फास्ट बंद.

*

त्याच आठवड्यात मीटर बघायला आलेले एक काका पुठ्ठा वाचत थबकले आणि स्टूल ओढून बसले. "वैद्यबुवा, गुडघे लय दुखून राह्यले."

सरांनी वर न बघता लाल ओळीकडे बोट दाखवलं. "फास्ट बंद."

काका हात जोडून जिना अगदी हळूहळू उतरले.

*

सोमवारी सकाळी मी आणि सुभाष स्टँडवर. गाडी लागली, मी चढलो, सुभाष उलटा ऑफिसकडे!

"काऊन बे? कुठं चालला?"

"पुठ्ठा पाहून येतो. काटाच होता ना फास्ट बंद? का प्रिंटर?"

सकाळपासून त्याने सात वेळा तपासलं होतं. गाडी गेली. पुढच्या गाडीत शेजारी बसून तो हळूच म्हणाला, "आज चुकलं तं मले गावात तोंड दाखवता येणार नाई. लोकं म्हनतीन, आपल्याच पोरानं फसवलं."

मी दुरुस्त प्रोग्रामची फ्लॉपी त्याच्याकडून घेऊन माझ्या खिशात ठेवली.

*

मोताळ्याला मी आत कॉम्प्युटरपाशी बसून खिडकीतून आकडे ओरडत होतो. सुभाष बाहेर, काट्याची वायर नीट बसली का ते वाकून बघत.

पहिली गाडी. "सतरा क्विंटल चाळीस!" दुसरी. "एकवीस क्विंटल दहा!" आकडा बदलला! माझा जीव भांड्यात पडला.

दुसरी गाडी उतरली. काट्यावर गाडी नाही, शून्य यायला हवं, आणि स्क्रीनवर साठ किलो.

मी थांबलो. साठच. परत बघितलं, साठच. शेवटी ओरडावंच लागलं, "साठ!"

रांगेत कुजबुज सुरू झाली. इंगळेभाऊ खुर्चीतून उठले. सुभाष जागच्या जागी खिळला, डोळ्यांत पाणी. "पुन्हा अडकलं बे," एवढंच म्हणाला.

नामदेवबुवा रांगेतून पुढे आले. त्यांनी सुभाषला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"अबे, तू उतर ना खाली काट्यावरून!"

सुभाष उतरला.

"शून्य!" मी इतक्या जोरात ओरडलो की बैल बिचकले. इंगळेभाऊ हसत पुन्हा खुर्चीत टेकले.

बुवांनी जोडे काढले, काट्याला हात लावून नमस्कार केला आणि वर चढून ताठ उभे राहिले. "सांग रे."

"पन्नास किलो!"

"हाव!" बुवा म्हणाले. "आता झालो मी माणूस!"