जिनपालची हंबरी

तिशी ओलांडेपर्यंत जिनपाल मगदूमला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

इस्लामपूरहून आष्ट्याकडे जाताना नदीच्या अंगाला आमचं गाव आहे. तिथं मगदुमांचं भुसार दुकान, दुकानामागं घर आणि घरामागं ऊस. जिनपाल दुकानात गादीवर बसे, म्हणजे एक मांडी बसलेली असे आणि दुसरी हलत असे. गिऱ्हाईक डाळ मागेपर्यंत त्याची बोटं तराजूच्या पारड्यावर वाजू लागत. काटा इकडून तिकडं डुलत राही. "आधी तू थांब, मग तराजू थांबंल," असं बायका त्याला सरळ तोंडावर म्हणत. तो हसे आणि दुसऱ्या हातानं गुळाच्या ढेपेवर ताल धरी.

सयाजी थोरात हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. अंगानं आडवा, बोलायला सावकाश, गळा मात्र रानासारखा मोकळा. १९६४ साली तो पलटणीत भरती झाला. तेव्हापासून तो वर्षातले दोन महिनेच गावचा आणि बाकीचे दहा सरकारचा.

दोघांचं वाजवणं सुरू झालं ते शाळेत असताना, एका अडचणीतून. मगदुमांचं घर जैन, घरात कातडं चालत नसे. पायताण फाटकाबाहेर निघे, आणि पाहुण्याच्या कमरेचा पट्टासुद्धा बाहेरच्या खुंटीला लागे. एकदा सयाजी हलगी घेऊन दारात आला. जिनपालच्या आईला सगळं गाव अव्वा म्हणे. ती उंबऱ्यात उभी राहिली.

"हलगी भायेर. तू आत ये."

"अव्वा, हलगीबिगर आत येऊन मी काय करू?"

"जेव."

तो जेवला. पण जेवता जेवता दोघांनी ठरवलं, की ज्यात कातडं नाही असं वाद्य आपणच करायचं.

शेंगतेलाच्या डब्याचं तोंड कापून त्यावर लॉरीच्या ट्यूबचं रबर ताणलं, तो सयाजीचा डबा. भरल्या पोटावर कुणी थाप मारावी तसा तो वाजे. जिनपालचं वाद्य याहून अवघड होतं. भजनी मंडळानं टाकून दिलेल्या पेटीतले पितळी सूर तेवढे त्यानं उचकटून घेतले आणि लाकडी खोक्यात बसवले. भात्याच्या जागी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची फुगवलेली ट्यूब. तिच्यातून एक रबरी नळी खोक्यात जाई. वाजवणाऱ्यानं ट्यूबवर बसायचं. त्याच्या वजनानं हवा खोक्यात शिरे आणि बोटांनी भोकं झाकली-उघडली की सूर निघे. जिनपालला स्थिर बसवत नसे, आणि सगळी गंमत तिथंच होती. तो चुळबुळला की सूर वर चढे, कूस बदलली की खाली घसरे, आणि मध्येच भुकेली कालवड ओरडावी तसा आवाज निघे. गावानं त्या वाद्याला हंबरी म्हणायला सुरुवात केली. दोन गाण्यांनंतर ट्यूब निम्मी बसायची. मग सयाजी सायकलचा पंप घेऊन कवायतीच्या आवाजात आकडे मोजत हवा भरायचा. लोक त्यालाही हसायचे.

गाणी दोघांची. ती उरलेल्या दहा महिन्यांत आंतर्देशीय पत्रांवर तयार होत. सयाजीनं कुठल्या तरी डोंगरातून लिहायचं, 'यष्टी आमच्या गावची, येती कवा ठाव न्हाई.' जिनपालनं उलट टपाली धाडायचं, 'आली तर थांबत न्हाई, थांबली तर हालत न्हाई.' एक गाणं पुरं व्हायला कधी कधी पावसाळा संपे.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई लागली आणि पत्रं थांबली. जिनपालनं चार ओळी चार पत्रांतून पाठवल्या, उत्तर नाही. तो दिवसातून दोनदा पोस्टात जाई, रिकाम्या हातानं परत येई, दुकानात गूळ मागणाऱ्याला मीठ देई. दीड महिन्यानं पत्र आलं. त्यात खुशाली नव्हती, फक्त एक ओळ होती: 'कंडाक्टर म्हणं फुडं सरा, फुडं तर जागाच न्हाई.' जिनपाल तसाच पळत थोरातांच्या घरी गेला आणि सयाजीच्या बायकोला, राहीबाईला, ती ओळ वाचून दाखवली. राहीबाई हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. सयाजीची बहीण साळूबाई औंधकडं दिलेली. ती खडी फोडायच्या कामावर जात होती. सयाजी सुट्टीवर आल्यावर दोघं तिला भेटायला गेले ते डबा आणि हंबरी घेऊनच. दुपारच्या विसाव्यात त्यांनी वाजवलं. धुळीनं पांढऱ्या झालेल्या बाया हसून हसून खडीच्या ढिगावर आडव्या झाल्या. साळूबाई म्हणाली, "दादा, हसून भूक लागती रं. हे काय बरं न्हाई."

त्या कामावर एक शिकलेला मुकादम होता. जाताना तो जिनपालला सहज म्हणाला, "हात चांगला आहे तुमचा. खरं शिकला असता तर नाव काढलं असतं."

जिनपालला हे लागलं. सयाजी परत पलटणीत गेल्यावर त्यानं सांगलीला गणपती पेठेत पेटी शिकवणारे आप्पासो मास्तर गाठले. दर बुधवारी बाजार करायचा म्हणून तो सांगलीला जाई आणि दोन तास मास्तरांपुढं बसे. मास्तरांच्या पेटीच्या भात्याला कातडं होतं. ते त्यानं पहिल्याच दिवशी पाहिलं आणि कुणाजवळ बोलला नाही. घरी आला की आधी विहिरीवर अंघोळ, मग घरात पाऊल. अव्वा विचारी, "सांगलीत एवढी धूळ हाय व्हय रं?"

"लय धूळ हाय, अव्वा."

मास्तरांचा पहिला धडा असा: "मगदूम, आधी बसायला शिका. सूर नंतर."

अडीच वर्षांत तो बसायला शिकला. दुकानातला तराजू स्थिर झाला. बायका म्हणाल्या, जिनपाल सुधारला. पण त्याची चुळबुळ गेली नव्हती, ती आत जाऊन बसली होती. आता त्याला जिकडंतिकडं चुकलेले सूर ऐकू येऊ लागले. देवळातली आरती, मळ्यातलं इंजिन, बोहारणीची हाक, सगळं त्याला बोचू लागलं. एके दिवशी त्याची बायको गुणमाला म्हणाली, "मी पाळणा म्हणाया लागले की तुमी उठून भायेर जाता. लेकरू निजतंय की माझ्या आवाजानं. तुमालाच काय झालंय?"

पंचाहत्तरच्या चैत्रात गावची जत्रा भरली. सयाजी सुट्टीवर होता. दर वर्षीप्रमाणं चावडीपुढं लोक जमले, पोरं झाडांवर चढली. जिनपाल हंबरीवर बसला तो मास्तरांपुढं बसावा तसा, पाठ ताठ. ट्यूब हलली नाही. सूर सरळ निघाला, लोकांनी ऐकला आणि ते वाट पाहत राहिले. सयाजी डबा बडवत गाऊ लागला. दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज नेहमीसारखा उंडारला, आणि जिनपालनं हात उचलून गाणं थांबवलं.

"सया, सूर सोडलास. परत घे."

"कंचा सूर?"

"ह्यो." जिनपालनं बोटानं दाखवला.

सयाजीनं परत घेतला. जिनपालनं परत थांबवलं. "वर जातोयस. जरा कान दे की."

तीनशे माणसं बघत होती. अकरा वर्षं पलटणीत काढलेल्या हवालदाराला त्याच्याच गावात, त्याच्याच चावडीपुढं असं कुणी शिकवलं नव्हतं. सयाजी हसला, डबा खाली ठेवला आणि म्हणाला, "तूच वाजीव गड्या. मी ऐकतो."

जिनपालनं वाजवलं. चांगलं वाजवलं. लोक एकेक करून जत्रेतल्या फिरत्या पाळण्याकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सयाजी ट्रंक घेऊन निघाला. पलटणीची तार आली, असं त्यानं घरात सांगितलं. सुट्टीचे बावीस दिवस शिल्लक होते. चार दिवसांनी दुकानात आलेल्या पोस्टमन आकारामला जिनपालनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तार? मी तर फाल्गुनापासनं ह्या गावात एक बी तार आणल्याली न्हाई."

त्या वर्षी जिनपालनं नऊ ओळी पाठवल्या. एकीचंही उत्तर आलं नाही. राहीबाईला सयाजीची पत्रं येत, त्यांत म्हशीची चौकशी असे, वेशीतल्या पिंपळाची असे, मगदुमांची नसे. आता पत्र न येण्याचं कारण लढाई नव्हती, ते कारण तो स्वतः होता. दुकानात तो तासन्‌तास ताठ बसून राही. वीस वर्षांचा दोस्त आपण एका सुरासाठी घालवला, ही गोष्ट त्याला घासागणिक आठवे. सांगलीची शिकवणी मात्र त्यानं सोडली नाही. सोडवलीच नाही. त्याचाही त्याला राग येई.

शहात्तरचा चैत्र आला. राहीबाई माहेरी रहिमतपूरला गेली होती. आठवडा गेल्यावर कळलं की सयाजी सुट्टीवर आला आहे, रहिमतपूरला उतरून सासऱ्याकडंच राहिला आहे, आणि गावाकडं यायचं नाव काढत नाही.

जिनपालनं दुकान गुणमालावर सोपवलं. ट्यूबमधली हवा काढून ती घोंगड्यासारखी खांद्यावर टाकली, खोकं काखेत मारलं आणि यष्टी धरली. कंडक्टरनं विचारलं, "पंक्चर हाय व्हय? मग चाक कुठाय?"

"चाक रहिमतपुरात हाय," जिनपाल म्हणाला.

रहिमतपूरच्या सायकल दुकानात त्यानं ट्यूब फुगवून घेतली आणि भर दुपारी ती घरंगळवत सयाजीच्या सासऱ्याच्या, नाथाजीच्या, खळ्यावर जाऊन पोचला. गव्हाची मळणी आटोपली होती. दहा-बारा माणसं आंब्याच्या सावलीत बसली होती. त्यांतून सयाजी उठला.

"या मगदूम," तो म्हणाला.

शाळेपासून त्यानं जिनपालला कधी आडनावानं हाक मारली नव्हती. जिनपालला प्यायला पाणी दिलं तेही त्याच्या हातात तसंच राहिलं.

राहीबाई घराच्या दारातून आईला सांगत होती, "भावजी दिवस बुडाल्यावर जेवत न्हाईत. त्यांचं ताट आधी करा, कांदा-लसूण नगं." जिनपालनं ते ऐकलं, आणि निदान एका माणसानं तरी आपल्याला परकं केलं नाही एवढा धीर घेऊन तो ट्यूबवर बसला.

त्यानं यष्टीचं गाणं धरलं. मुद्दाम डावीकडं कलला, मुद्दाम उजवीकडं कलला, सूर वर-खाली नेले. नाथाजीच्या खळ्यावरच्या माणसांनी पाहुण्याचा मान राखून माना डोलावल्या. हसलं कुणी नाही. सयाजी खाली बघून गव्हाच्या काडीनं माती उकरत होता.

"जिन्या," तो शेवटी म्हणाला, "आता तू चुकतोस ते बी शिकल्यावानी."

"मग काय करू मी?"

"मला काय इचारतोस? मास्तरला इचार तुझ्या."

म्हणजे सयाजीला मास्तरांचं ठाऊक होतं. कुठून, कधीपासून, ते जिनपालनं विचारलं नाही. तो ट्यूबवरून उठला. त्याचा चेहरा उतरला होता आणि हात काय करावं ते न कळून अंगरख्याच्या गुंड्यांशी खेळत होते. मग तो उभ्या उभ्या गाऊ लागला.

जिनपाल आयुष्यात कधी गायला नव्हता. त्याचा गळा म्हणजे दगडावर कोयता घासावा तसा. पूर्वीचा जिनपाल असता तर ते त्याला कळलंही नसतं. आताच्या जिनपालला प्रत्येक सूर कुठं लागायला हवा आणि कुठं जाऊन पडतो आहे ते स्वच्छ ऐकू येत होतं. तरी तो थांबला नाही. 'आली तर थांबत न्हाई' म्हणताना आवाज फाटला. खळ्याकडेची म्हैस उठून उभी राहिली आणि त्याच्याकडं बघू लागली. नाथाजीला ठसका लागला. तो दाबायला गेला, तोवर शेजारचा एकजण फुटला, आणि मग सगळी सावली हसू लागली.

सयाजी हसला नाही. तो बघत होता. दोन ओळी झाल्या, तिसरी झाली. 'फुडं तर जागाच न्हाई' इथं जिनपाल आला आणि पुढची ओळ त्याला आठवेना. आठवणार कशी, ती झालीच नव्हती. लढाईतल्या त्या पत्रापासून गाणं तिथंच अडलं होतं. तो तोंड उघडं टाकून उभा राहिला.

सयाजीनं जवळची रिकामी पाटी पालथी घातली आणि तिच्यावर थाप मारली.

"बिघाडली तर ढकलाया," तो गायला, "मला सोडून कोण न्हाई."

"ही कवा केलीस?" जिनपालनं विचारलं.

"गेल्या श्रावणात. टाकली न्हाई पोस्टात." मग पाटीवरचा हात न थांबवता तो म्हणाला, "फुडं म्हण की. मामाची म्हस खोळंबलीया."

त्या सुट्टीत दोघांनी पुन्हा वाजवलं, पण जागा बदलून. सयाजी ट्यूबवर बसू लागला. त्याला त्यातलं काही कळत नसे, त्यामुळं ते बरं वाजे. जिनपाल गाऊ लागला. आपलं गाणं ऐकताना त्याला प्रत्येक चुकलेला सूर बोचे, आणि नेमक्या त्याच क्षणी लोक हसत. याची त्याला सवय कधी झाली नाही.

सयाजी एकोणऐंशी साली पेन्शन घेऊन कायमचा गावी आला. बुधवार मात्र जिनपालनं मोडला नाही. एका बुधवारी तो थांब्यावर उभा असताना सयाजी आला आणि शेजारी उभा राहिला.

"बाजार?"

"बाजार."

गाडी आल्यावर सयाजी म्हणाला, "मास्तरला माझा रामराम सांग."

जिनपालनं तो निरोप तीन बुधवार सांगितला नाही. चौथ्या बुधवारी पेटीपुढं बसल्यावर त्यानं एकदम सांगून टाकला. "कोण हे सयाजी?" मास्तरांनी विचारलं. जिनपाल सांगू लागला. दोन तास होऊन गेले, दुसरे विद्यार्थी दारात येऊन उभे राहिले, आणि मास्तरांनी त्या दिवशी पेटी उघडलीच नाही.