आलेम्नेह अबाबांची वासरं

थापा मारण्यात आलेम्नेह अबाबांचा हात धरणारं किर्यात गात शहरात कुणी नव्हतं. शाळेच्या फाटकावर सव्वीस वर्षं रखवाली करता करता त्यांनी मागे सोडून आलेल्या देशातल्या, गोंदरकडच्या आपल्या शेतीच्या इतक्या गोष्टी सांगितल्या होत्या, की समाजकेंद्रामागच्या पडीक तुकड्यात तिथल्या पोरांनी तेफ हे तिकडचं धान्य पिकवायचं ठरवलं तेव्हा बोलावणं त्यांनाच आलं. त्यांची नात शिरेल छाती फुगवून म्हणाली, “माझ्या अबाबांनी चाळीस पिकं काढलीत.” ही सोळा वर्षांची पोरगी एरवी शाळेत इंजेराचा, म्हणजे तेफच्या आंबोळीचा डबा मैत्रिणींपासून लपवून खायची. तिच्या तोंडून हे ऐकल्यावर अबाबांना आकडा दुरुस्त करवला नाही.

पोरांनी यंत्र फिरवून जमीन पिठासारखी भुसभुशीत केली. अबाबांनी बोटभर खोल पेरायला लावलं. तेफचा दाणा राजगिऱ्याहूनही बारीक. पंधरा दिवस झाले, तण तेवढं जोमानं आलं.

केंद्र चालवणारी ओस्नात येऊन बघून गेली. “अबाबा, अजून एकदा पेरा. नाही उगवलं तर व्हॉलीबॉलचं मैदान करते. पोरं निदान हलतील तरी.”

घरी जाताना शिरेल हळूच म्हणाली, “बी खराब होतं ना, अबाबा?”

आयती थाप हातात ठेवली होती पोरीनं. पण अबाबांना ती काही गिळवेना.

“बी चांगलं होतं. मीच कधी पेरलेलं नाही. नवव्या वर्षी मामांनी लोहारकामाला शहरात नेलं मला.”

“आणि चाळीस पिकं?”

“ती वाढत गेली.”

“मग तुम्ही शेतात करायचात काय?”

“वासरं हाकायचो. पेरणीआधी ओल्या रानात गोल गोल. बाबा म्हणायचे, अजून तुडव, अजून तुडव. मला वाटायचं, पोर पायात येऊ नये म्हणून काढलेलं काम...” बोलता बोलता अबाबा रस्त्यातच थांबले. भुसभुशीत मातीत एवढासा दाणा बुडणार नाही तर काय होणार?

“आता वासरं कुठून आणायची?” शिरेलनं विचारलं आणि त्यांची नजर आपल्या पायांवर खिळलेली बघून म्हणाली, “माझं काही खरं नाही.”

शुक्रवारी सकाळी पाणी दिलेल्या जमिनीवर अठरा पोरं अनवाणी उभी राहिली. अबाबांनी आधी सगळ्यांसमोर कबूल केलं, की आपण शेतकरी नाही, वासरांचे मास्तर आहोत. मग काठी उचलली आणि एकेकाला आपल्या जुन्या वासरांची नावं वाटली. शिरेल झाली बोरा.

“दामा म्हणजे शूर ना, अबाबा?” दामा झालेल्या तोमेरनं विचारलं.

“दामा आमचं सगळ्यात आळशी वासरू होतं. चल, हल.”

पोरं चिखलात गोल गोल फिरू लागली. कुणीतरी गाणं धरलं, तसे पायांबरोबर खांदेही नाचायला लागले. माती घट्ट बसली आणि वर नुसते पावलांचे ठसे उरले, तेव्हा अबाबांनी बी वरच्यावर विस्कटायला सांगितलं.

“झाकायचं नाही?” ओस्नात म्हणाली.

“बाबांनी कधी झाकलं नाही. एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.”

सहा दिवस अबाबांना जेवण गोड लागलं नाही. सातव्या सकाळी शिरेल त्यांना हाताला धरून ओढत घेऊन गेली. रानभर केसासारखी बारीक हिरवळ उठली होती. पाण्याबरोबर बी वाहत जाऊन पावलांच्या ठशांत साचलं होतं, त्यामुळे ठसे जास्तच हिरवे दिसत होते. शिरेलनं बूट काढून आपल्याच एका ठशाशेजारी पाऊल टेकवलं. अंगठ्यापेक्षा लांब दुसरं बोट, अगदी अबाबांसारखं. अबाबांना भरून आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

कुंपणापलीकडून तिच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी बघत होत्या. “हे तुला शिकवलं कुणी?”

“माझ्या अबाबांनी,” शिरेल छाती फुगवून म्हणाली. “ते वासरं हाकायचे.”