बादली वाजवणारी डोरीन

इंग्लंडच्या उत्तरेतल्या आमच्या कॉन्सेटला ऑक्टोबरात ऊन पडतं, पण ते दाखवण्यापुरतं. माणसाला हे कळतं, कासवाला कळत नाही. आमच्या गल्लीतल्या डोरीन हेपलचं कासव, विल्फ, त्या उन्हासाठी अंगणाच्या पार टोकाला, कुंपणाशी जाऊन बसायचं आणि ऊन कललं की तिथेच गारठून आखडायचं. मग डोरीन त्याला मागून रेटत लाकडी खोपट्यात न्यायची. खोपट्यात हीटर, जाड पेंढा, दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. स्वतःच्या घरात मात्र ही बाई दोन स्वेटर चढवून बसते.

विल्फ आफ्रिकेतल्या जातीचं. लोक पाळतात ती छोटी कासवं हिवाळाभर झोपून काढतात, ह्याला ती सोय नाही. गारठलं की आजारी पडतं आणि मरतंसुद्धा. डोरीनचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं. तिथल्याच एकीने बशीएवढं विल्फ तिच्या गळ्यात मारलं होतं. आता ते चहाच्या टेबलाएवढं झालंय. नवरा गेल्यावर सकाळी उठायला कारण हवं होतं, ते विल्फने दिलं, असं ती सरळ सांगते.

गेल्या हिवाळ्यात त्याला रेटताना ती बर्फावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिची मुलगी लॉरेन धावत आली.

"आई, आता पुरे. दक्षिणेला कासवं सांभाळणारी संस्था आहे, ते घेऊन जातील."

"मलाही ठेवून घेतात का विचार."

पण रेटणं आता आपल्याच्याने होणार नाही, हे डोरीनलाही कळत होतं. शेवटी ठरलं, येता ऑक्टोबर संपायच्या आत विल्फ आपल्या पायांनी आत यायला लागलं तर राहील, नाहीतर जाईल. कासवाला असली मुदत घालणाऱ्यांचा मला रागच आला होता.

शेजारी नॉर्मन स्टॉब्स. जन्मभर शर्यतीची कबुतरं पाळली, गुडघे गेले तशी देऊन टाकली. उन्हाळ्यात तो कुंपणावरून म्हणाला, "माझी पाखरं फ्रान्समधून घरी यायची. ह्याला अंगणातून येता येत नाही?"

"ते कबुतर नाही, नॉर्मन."

"दिसतंय मला. पण पोट दोघांनाही आहे. खायला कुठे घालतेस त्याला?"

"ते बसलं असेल तिथे नेऊन देते."

"मग ते उठेल कशाला, बाई? तू त्याला हॉटेलात ठेवलंयस."

त्या दिवसापासून चरायला गवत बाहेर, पण भोपळ्याच्या फोडींचा खाऊ फक्त खोपट्यात. कबुतरांना बोलवायचा दाण्यांचा डबा नॉर्मनने दारात उभं राहून खुळखुळवला. विल्फने मानसुद्धा हलवली नाही. सारी गल्ली हसली, मीही हसलो. एकदा वैतागून नॉर्मनने हातातली खाऊची लोखंडी बादली फरशीवर आपटली आणि विल्फची मान ताडकन वर आली. जमिनीतून आलेला दणका त्याला पोचला होता.

"आता बादली तूच वाजव," नॉर्मनने डोरीनला सांगितलं. "खाऊ जिच्या हातचा, हाकही तिचीच पाहिजे."

सप्टेंबरभर विल्फ अर्ध्या वाटेपर्यंत यायचं आणि बसायचं. खाऊची फोड तिथवर नेऊन द्यावी म्हणून डोरीनचा जीव तुटायचा. नॉर्मन तिला खुर्चीतून उठू द्यायचा नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी लॉरेन आली. संस्थेची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. ऊन कलत होतं आणि विल्फ कुंपणाशी. लॉरेनने बाह्या सरसावल्या.

"हात लावायचा नाही," नॉर्मन म्हणाला.

डोरीनने खोपट्याच्या दारात लाल भोपळ्याची मोठी फोड ठेवली आणि बादली आपटली. काहीच झालं नाही. तिने पुन्हा आपटली. विल्फने मान काढली, मग चारही पायांवर उठलं. अर्ध्या वाटेवर येऊन ते थांबलं. तिसऱ्यांदा आपटायला डोरीनने बादली उचलली तर ती हातातून निसटून पडली, आणि तो दणका सगळ्यांत मोठा झाला. विल्फ निघालं. वाटेत उभ्या लॉरेनला त्याने पोटरीशी ढकलून बाजूला केलं, भोपळा तोंडात धरला आणि पट्ट्यांच्या पडद्यातून आत गेलं.

डोरीन रडत होती, आणि ते लपवतही नव्हती. नॉर्मन म्हणाला, "एवढ्या वेळात माझं पाखरू फ्रान्सला परत जाऊन आलं असतं."

लॉरेनने खिशातून फोन काढला. "त्या गाडीवाल्यांना काय सांगू, आई?"

आतून भोपळा चावल्याचा आवाज येत होता.

"सांग," डोरीन म्हणाली, "ते घरी आलंय."