टाकी नंबर एक

आप्पांचा फोन आला तेव्हा मी पेणच्या घरी भाकऱ्या थापत होते. "गो, टाकी रिकामी झाली म्हणून मेल आला. वर जाऊन बघतो तर काठोकाठ भरलेली! ह्याला काय म्हणायचं?"

मला काय ठाऊक! रोह्याच्या घराच्या गच्चीवरच्या टाकीत सेन्सर मीच बसवला होता. पाणी कमी झालं की आप्पांच्या मोबाइलवर मेल यायचा. बिघडला असेल म्हटलं. पण दुपारी परत मेल, संध्याकाळी परत, आणि दरवेळी आप्पा शिडीवर. मागून आईचा आवाज, "गुडघे गेलेत ह्यांचे, आणि तुझ्या त्या डब्याने माकड करून ठेवलंय!"

घोळ कुठे होता ते कळायला मला दोन दिवस लागले. टाकीतलं पाणी मोजणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, देशोदेशीचे लोक हौसेने मिळून लिहितात. ते कसं वापरायचं हे सांगणारी पानं असतात, आणि त्या पानांत नमुना म्हणून चार-सहा ओळींच्या कोडचे तुकडे. स्निपेट म्हणतो आम्ही. लोकांनी उचलायचे आणि आपल्याकडे चिकटवायचे. हे तुकडे सगळ्यांचे मिळून एका जागी ठेवलेले असतात, तिथूनच सगळ्या पानांवर जातात, आणि ती जागा सांभाळायचं काम माझ्याकडे. पेणमध्ये राहून हे मला कुणी वेगळं शिकवायला नको. साच्यात गणपतीचं नाक वाकडं आलं की अख्खा लॉट वाकड्या नाकाचा.

तर आमचं नाक वाकडं आलं होतं. मेल पाठवायच्या तुकड्यात आप्पांचाच मेलचा पत्ता राहून गेला होता. चाचणीपुरता घातलेला. आप्पाच म्हणाले होते, "माझा घाल की, मी रिकामाच हाय." पुढे परदेशातल्या दोघांनी तुकडा तपासून पास केला, त्यांना तो पत्ता खोटाच वाटला. मला वाटलं होतं, लोक उचलताना पत्ता बदलतील. कोण बदलतंय! त्यामुळे जगात कुणाचीही टाकी आटली की मेल रोह्याला. त्यात नमुन्यातल्या टाकीचं नाव 'टाकी नंबर एक'. तेही कुणी बदललं नव्हतं, आमच्या टाकीवर मीसुद्धा नाही.

मी लगेच पत्ता काढला आणि तो भरल्याशिवाय तुकडा चालणारच नाही अशी सोय केली. पण ज्यांनी आधी उचलला त्यांच्याकडे जुनाच होता. मेल थांबेनात. आप्पांना म्हटलं, "तुमचं ते खातंच बंद करून टाकू. कटकट मिटली."

"बंद? मग त्यांना सांगणार कोण?"

"कोणाला?"

"ज्यांचं पाणी संपलंय त्यांना. मेल माझ्याकडे येतोय म्हणजे त्यांच्याकडे जात नाय. व्हय का नाय?"

व्हय. ही चूक दुरुस्त करायची की तशीच चालू ठेवायची, तेच मला कळेनासं झालं. आप्पांचा मात्र काही गोंधळ नव्हता. सगळा जन्म कंपनीत शिफ्ट करण्यात गेलेला, पंपहाउसची घंटा वाजली की हातातला घास टाकून उठणारा माणूस. चष्मा लावून बसले आणि ज्या पत्त्यांवरून मेल आले तिथे एकेकाला कंपनीच्या इंग्रजीत कळवायला लागले, टाकी रिकामी आहे, मोटर बघा, आणि इथे स्वतःचा पत्ता घाला. लोकांचे आभाराचे मेल आले. एकाने तर भरलेल्या टाकीचा फोटो पाठवला, तो आप्पांनी शेजारीपाजारी दाखवला. हळूहळू मेल कमी झाले. एकच टाकी राहिली.

पाठवणाऱ्याच्या नावावरून ती कुठल्यातरी शाळेची वाटत होती. देश कुठला, गाव कुठलं, देव जाणे. रोज मेल यायचा, रोज आप्पा उत्तर द्यायचे, तिकडून चकार शब्द नाही. आणि मग एकदम मेल यायचेच बंद झाले. मी म्हटलं, "सुटलो बाबा!"

"सुटलो काय? टाकी भरली, की मशीन बंद पडलं?"

"आप्पा, मला कसं कळणार?"

"भरली हे कधी सांगतच नाय का ते? कंपनीत घंटा बंद झाली तरी आम्ही जाऊन बघायचो. इथे जाऊ कुठे? पोरं असतील गो तिथे."

मग आईचा फोन आला. ह्या वेळी ती ओरडली नाही. "जेवताना मोबाइल ताटाशेजारी ठेवतात. दोन घास खातात आणि बघतात. काहीतरी कर गो." मला राग आला, कोणावर तेही समजेना. कोण कुठली शाळा, आणि माझा बाप इथे उपाशी!

मी नवा तुकडा लिहायला घेतला. पाणी वर आलं की 'भरली' असाही मेल पाठवायचा. आमच्यात नेम असा, की खऱ्या टाकीवर चालवून बघितल्याशिवाय तुकडा संग्रहात घ्यायचा नाही. म्हणून रविवारी एसटीने रोहा गाठलं. आप्पा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात बाजाराला गेले होते. आईने कपडे धुतल्यामुळे टाकी अर्ध्यावर आली होती. मी गच्चीवर जाऊन सेन्सरच्या डब्यात नवा तुकडा चढवला, आईला खालून मोटर चालू करायला सांगितली आणि पाणी चढताना बघत बसले.

टाकी काठाला आली आणि पाठोपाठ माझा फोन वाजला. आप्पा पुलावर होते. मागे गाड्यांचे हॉर्न, आणि आप्पांचा आवाज असा की मला आधी भीतीच वाटली.

"भरली गो! भरली! आत्ता मेल आला, टाकी नंबर एक भरली! बघ, त्या शाळेत कोणीतरी बघत होतंच की!"

हो म्हणावं असं फार वाटलं. पण ते आता घरी येणार, गच्चीवर मला आणि त्या डब्याला बघणार.

"आप्पा," मी म्हटलं, "ती आपली टाकी आहे."

माझ्या मागे टाकीतून पाणी गच्चीवर सांडायला लागलं.

"बरं," आप्पा म्हणाले. "मग मोटर बंद कर. पाणी वाया चाललंय."